हेडली पिटमनचे नऊशे चाळीस

इंटरनेटच्या नव्या फायबर लाइनला गावात सगळ्यांत आधी हो म्हणायचं, हा हेडली पिटमनचा निर्णय तसा साधाच होता. कंपनीची गाडी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या या हेरिंग आर्ममध्ये आली, खांबांवरून काळी तार ओढली गेली, आणि बाकीचं गाव 'आधी दुसऱ्याचं काय होतंय ते बघू' म्हणून पडद्याआडून डोकावत राहिलं. हेडली मात्र अंगणात खुर्ची टाकून गाडीची वाट बघत बसला होता. छत्तीस वर्षं त्याने मासळीच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती. तारेला भिणं त्याच्या रक्तातच नव्हतं. (दोनदा शॉक बसला होता, पण तेव्हाही तो भ्याला नव्हता, नुसता पडला होता.)

लाइन जोडायला आलेल्या बाईंनी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात राउटर बसवला आणि विचारलं, "पासवर्ड काय ठेवायचा?"

"पहिलाहेडली. मधे जागा न सोडता."

"फार सोपा होतोय. कुणीही ओळखेल."

"ओळखू दे की! खोटं थोडंच आहे?"

बाईंनी वेग मोजून दाखवला. जुन्या तांब्याच्या तारेवर सेकंदाला सात मेगाबिट यायचे, ते आता नऊशे चाळीस आले. हेडलीने चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, भरती-ओहोटीच्या वेळांखाली, लाल शाईने लिहून ठेवला.

त्यानंतर तो आकडा त्याच्या तोंडून उतरेना. दुकानात व्हेरा म्हणाली, "आज वारा काय म्हणतोय, हेडली?" तर हा म्हणाला, "नऊशे चाळीस." चर्चबाहेर रेव्हरंड गॉडफ्रेंनी डल्सीच्या गुडघ्याची चौकशी केली. डल्सी म्हणजे हेडलीची बायको. तिचा गुडघा नुकताच बदलला होता. हेडलीने गुडघ्याला दोन वाक्यं दिली आणि फायबरला वीस मिनिटं.

एकच माणूस दाद देईना, तो म्हणजे शेजारचा सेल्बी राइडआउट. खेकड्यांची बोट चालवून आता घरी बसलेला हा माणूस आणि हेडली यांचं चाळीस वर्षं गोडीगुलाबीचं वैर होतं. लाकडाची रास कुणाची सरळ इथपासून परसातला रुबार्ब आधी कुणाचा फुटला इथपर्यंत कुठलाही विषय त्यांना चालायचा.

"फसवतात रे तुला," कुंपणावर कोपर टेकून सेल्बी म्हणाला. "काचेच्या तारेतून कधी काही धावतं का? माझी तांब्याची तार बरी आहे. हळू येते, पण घरंदाज आहे."

हेडली तरातरा घरात गेला, चहाच्या खोक्याचा एक तुकडा फाडला आणि त्यावर पासवर्ड लिहून सेल्बीच्या हातात कोंबला. "घे. चाखून बघ आणि मग बोल."

सेल्बीने तुकडा खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी तो काहीच बोलला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच! हेडलीला हे सुख असं काही लागलं की ते पुन्हा पुन्हा घ्यावंसं वाटू लागलं. त्याने एक तुकडा रेव्हरंडना दिला, एक अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दिला, एक व्हेराला दिला. व्हेराने तो दुकानाच्या दारावर, बोटीच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवला. हेडलीने ते पाहिलं आणि त्याची छाती फुगली. आपलं नाव दुकानाच्या दारावर लागावं असं कुणाला वाटत नाही?

त्याच सुमारास त्याची मुलगी आयोना हॅलिफॅक्सहून घरी आली होती. आईचा गुडघा बरा होईपर्यंत तीन आठवडे राहणार होती. ती विद्यापीठात पाच वर्षं केपलिन मासळीवर संशोधन करत होती. ही बोटभर मासळी दर जूनमध्ये अंडी घालायला किनाऱ्यावर येते, ती अलीकडे उशिरा का येते, हा तिचा पीएचडीचा प्रबंध. पिटमनांच्या सात पिढ्यांनी ती मासळी खाल्ली होती, वाळवली होती, शेतात खत म्हणून टाकली होती; तिला प्रश्न विचारणारी ही पहिलीच. प्रबंधाची तोंडी परीक्षा गुरुवारी सकाळी अकरा वाजता, इंटरनेटवरून, कुणालाही बघता येईल अशी होती. दोन परीक्षक हॅलिफॅक्सचे आणि एक थेट नॉर्वेचा. त्यासाठी आयोनाने नव्वद किलोमीटरवरच्या कॉलेजात एक खोली मागून ठेवली होती.

हेडलीला हे कळलं तेव्हा त्याने हातातला चहा टेबलावर आदळला. "माझ्या घरात नऊशे चाळीस असताना माझी पोरगी परक्याच्या खोलीत बसून डॉक्टर होणार?"

"बाबा, तिथे सगळी सोय आहे."

"इथे काय कमी आहे? अगं, नॉर्वेवाल्याच्या मिशीतले केस मोजशील इथून!"

"नक्की ना?"

"तुझ्या बापाने जोडलेली लाइन आहे ती," हेडली म्हणाला. (त्याने जोडली नव्हती. त्याने खुर्चीत बसून जोडताना पाहिली होती.)

आयोनाने कॉलेजची खोली सोडून दिली.

सोमवारी तिने मैत्रिणीबरोबर परीक्षेची रंगीत तालीम केली. तिसऱ्या मिनिटाला मैत्रीण तोंड उघडं ठेवून थिजली. पाच मिनिटं तशीच. मग एकदम म्हणाली, "—तापमान?" आणि पुन्हा थिजली.

हेडलीने वेग मोजला तर अडतीस. त्याने कॅलेंडर पाहिलं. नऊशे चाळीस, मग सहाशे दहा, मग दोनशे पाच, आणि आता अडतीस. आजाऱ्याचा ताप उतरावा तसे आकडे उतरत आले होते. डल्सी म्हणाली, "कंपनीला फोन कर." पण छत्तीस वर्षं कारखाना चालता ठेवणारा माणूस फोन करून 'आमचं बिघडलं' असं सांगेल का? त्याने बाह्या सरसावल्या.

पहिला संशय मायक्रोवेव्हवर गेला. तो उचलून बाहेर पडवीत ठेवला. दुसरा संशय फ्रिजवर. फ्रिज तीन तास बंद राहिला आणि वर्षभरासाठी ठेवलेला कॉड मासा मऊ पडला. तिसरा संशय जरा नाजूक जागी होता.

"डल्सी, तू जरा मागच्या खोलीत जाऊन बसतेस का?"

"का रे?"

"तुझ्या गुडघ्यात धातू आहे."

डल्सीने विणकामाच्या सुया मांडीवर ठेवल्या. "हेडली, हा गुडघा मी दोन वर्षं नंबर लावून मिळवलाय. तो तुझ्या त्या डब्याच्या आड येतो होय?"

"येतो असं नाही म्हणत मी. शक्यता तपासतोय. शास्त्र आहे हे."

"आई, जाऊन ये गं एकदा," आयोना लॅपटॉपमागून म्हणाली, "नाहीतर ते तुला अंगणात नेऊन ठेवतील."

डल्सी काठी टेकत मागच्या खोलीत गेली. आकडा अडतीसवरून एकेचाळीस झाला. "बघ! बघ!" हेडली ओरडला. डल्सी काठी टेकत परत आली. आकडा चव्वेचाळीस झाला. हा शेवटचा आकडा हेडलीने कॅलेंडरवर लिहिला नाही.

मग त्याने ठरवलं की राउटर कोपऱ्यात गुदमरतोय, त्याला मोकळी हवा पाहिजे. त्याने तो उचलला आणि रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीत, डल्सीच्या जिरॅनियमच्या कुंड्या हटवून, मधोमध ठेवला. वेग चौदावर आला. तेव्हा शहरात जाऊन त्याने सिग्नल लांबवर पोहोचवणारे दोन बूस्टर आणले. एक जिन्यात लावला आणि दुसरा थेट रस्त्याकडेच्या लाकडाच्या शेडमध्ये. उपाय वाढत गेले तसा वेग घटत गेला. बुधवारी संध्याकाळी आकडा आला सहा. जुन्या तांब्याच्या तारेपेक्षाही एकाने कमी.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट मात्र त्याला सुखावत होती. रोज संध्याकाळी त्याच्या कुंपणापाशी गाड्या येऊन थांबत होत्या. आधी दोन, मग पाच, शेडमध्ये बूस्टर लागल्यावर नऊ. माणसं आपली शांतपणे गाडीत बसून असायची.

"पोरगी डॉक्टर होणार म्हणून घर बघायला येतात बिचारे," हेडली खिडकीतून हात हलवत म्हणाला. गाडीतल्या माणसांनीही हात हलवले. प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात फोन होता.

"मग चहाला तरी बोलाव," डल्सी म्हणाली.

हेडली बाहेर जाऊन बोलावून आला. सगळे म्हणाले, "नको रे, इथेच बरं आहे. इथे चांगलं येतं."

"बघ," हेडली आत येऊन डल्सीला म्हणाला, "इथून दृश्य चांगलं येतं म्हणतात."

गुरुवारी सकाळी आयोनाने निळा कोट घातला, केस बांधले, लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात आली. तिचा आवाज शांत होता; लहानपणीही ती रडण्याआधी अशीच शांत व्हायची. "बाबा, चार आहेत. चारवर मला ते लोक दिसणारही नाहीत. कॉलेजात जायला आता वेळ नाही."

हेडलीने तिच्याकडे पाहिलं आणि छत्तीस वर्षांचा अभिमान गिळून कंपनीला फोन लावला. त्या वेळी सव्वादहा वाजले होते.

फोनवर शँटल नावाची बाई होती. आवाज मऊ आणि समजूतदार. "सर, घरात इंटरनेटवर किती उपकरणं आहेत?"

"चार. मोजून चार."

"इथे मला त्रेसष्ट दिसतात."

"काहीतरीच काय! म्हातारा-म्हातारी आहोत आम्ही, आणि एक पोरगी."

"मी नावं वाचते, सर. 'आयोनाचा लॅपटॉप'."

"आमचा."

"'डल्सीचा टॅब'."

"आमचा."

"'अग्निशमन दल, मोठा पडदा'."

हेडलीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"'रेव्हरंड गॉडफ्रे यांचा फोन'. 'रेव्हरंड गॉडफ्रे यांचा दुसरा फोन'. 'व्हेरा, दुकानातला कॅमेरा'. 'सेल्बी बैठक'. 'सेल्बी स्वयंपाकघर'. 'सेल्बी न्हाणीघर'."

"न्हाणीघर?"

"इथे तसंच लिहिलंय, सर. आणि 'लेडी मेल्वा'... हे बोटीचं नाव असावं, कारण पुढे 'पुढची केबिन' असं लिहिलंय. सर, तुमचा पासवर्ड कुणाला दिला होता का?"

डल्सी दारात उभी राहून ऐकत होती. शँटलचा आवाज फोनबाहेर चांगला येत होता. "त्या गाड्या!" डल्सी म्हणाली. "अरे देवा, हेडली! आणि मी माझा गुडघा घेऊन घरभर फिरले!"

"आता बदला पासवर्ड, बाबा," आयोना घड्याळाकडे बघत म्हणाली. "लगेच."

शँटलने लॅपटॉपवर नेमकं पान उघडून दिलं. हेडली टाइप करायला बसला. आता असा पासवर्ड ठेवायचा की अख्ख्या न्यूफाउंडलंडला फुटता कामा नये. त्याने दोन बोटांनी एक लांबलचक शब्द दोनदा टाइप केला. पडद्यावर नुसते ठिपके. एक कळ दाबली आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट उपकरणं एका क्षणात बाहेर फेकली गेली.

त्यांत आयोनाचा लॅपटॉपही होताच. हेडलीने नवा पासवर्ड भरला. 'चुकीचा पासवर्ड'. पुन्हा भरला. 'चुकीचा पासवर्ड'. सगळी अक्षरं मोठी करणारी कळ आधी चुकून दाबलेली राहिली होती आणि मधेच कधीतरी सुटली होती, हे त्याला तीन दिवसांनी कळलं.

"काही हरकत नाही, सर," शँटल म्हणाली. "मी इथून बघते. फक्त डब्याच्या मागे एक बारीक भोक आहे, त्याला हात—"

"हे भोक होय?" हेडली म्हणाला. एव्हाना त्याने डल्सीची विणकामाची सुई उचलली होती. कारखान्यात कुठलंही यंत्र अडलं की बंद करून पुन्हा चालू करायचं, हा त्याचा छत्तीस वर्षांचा मंत्र. त्याने सुई भोकात घालून दाबली.

डबा विझला. घरातला फोनही त्याच डब्यातून येत होता, त्यामुळे शँटलही विझली. थोड्या वेळाने एक लाल दिवा लुकलुकू लागला आणि तसाच लुकलुकत राहिला. गावात मोबाइलला रेंज नव्हतीच. घड्याळात दहा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

आयोना खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. पाच वर्षं समुद्रावर गारठून, ओकाऱ्या काढून, बोटभर मासे मोजून गोळा केलेलं सगळं त्या लाल दिव्यामागे अडकलं होतं. नऊशे चाळीस हा आकडा हेडलीला आयुष्यात पहिल्यांदाच आठवला नाही.

तेवढ्यात दार वाजलं. दारात सेल्बी होता. मागे रेव्हरंड, व्हेरा, अग्निशमन दलाचे पाच जण आणि फाटकापर्यंत गाव.

"हेडली," सेल्बी कडक आवाजात म्हणाला, "तुझं इंटरनेट बंद पडलंय."

"माझं इंटरनेट!" हेडलीचा आवाज चिरकला. "माझं म्हणतोस आणि न्हाणीघरात लावतोस?"

"ते सोड. हॉलमध्ये आम्ही साठ खुर्च्या मांडल्यात. पोरीची परीक्षा बघायला सगळं गाव बसलंय, व्हेराने सँडविच केलेत, आणि ऐन वेळी पडदा काळा! काय चाललंय काय तुमच्याकडे?"

हेडलीने दोन शब्दांत सांगितलं. सगळ्यांनी एकमेकांच्या बुटांकडे पाहून घेतलं.

सेल्बीने टोपी काढून डोकं खाजवलं. "माझी तांब्याची लाइन आहे ना," तो म्हणाला. "चालूच आहे. महिनाभर तिला कुणी हात लावला नाहीये. आम्ही सगळे तुझ्याच लाइनवर होतो. चल गं पोरी."

त्यानंतरची वीस मिनिटं हेरिंग आर्मने जन्मात पाहिली नव्हती. आयोना लॅपटॉप छातीशी धरून कुंपण ओलांडून गेली. रेव्हरंडनी तिचे कागद घेतले. डल्सी त्या गुडघ्यानिशी काठी टेकत अशी निघाली की तो बसवणाऱ्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. सेल्बीच्या बायकोने, मेल्वाने, स्वयंपाकघरातलं टेबल पुसून मागच्या भिंतीवरचं वाळत घातलेलं सगळं उतरवलं. गावाने घरातली आपापली यंत्रं बंद केली आणि सेल्बीच्या अंगणात, उघड्या खिडकीखाली, रिमझिम पावसात उभं राहिलं. वेग सात. सातच्या सात एकट्या आयोनासाठी. अकराला दोन मिनिटं कमी असताना तिन्ही परीक्षक पडद्यावर आले आणि नॉर्वेवाल्याची मिशी स्वच्छ दिसली.

एकच अडचण उरली. सेल्बीचा कुत्रा, ॲडमिरल. काळा, अस्वलाएवढा, अनोळखी आवाज आला की भुंकणारा. नॉर्वेवाला 'गुड मॉर्निंग' म्हणताच तो एकदा भुंकला आणि कपाटातल्या बश्या वाजल्या.

"कुणीतरी धरा रे त्याला," सेल्बी कुजबुजला. "मला आत केटलीकडे बघायचंय. हेडली, तू धर."

आणि अशा रीतीने मुलीच्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी हेडली पिटमन शेजाऱ्याच्या पडवीत, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांनी मिटून, पावणेदोन तास बसून राहिला. कुत्र्याची लाळ त्याच्या बाहीतून कोपरापर्यंत गेली. पण खिडकीतून आयोनाचा आवाज येत होता. अडखळत नव्हता, थिजत नव्हता. अवघड अवघड शब्द ती अशी बोलत होती, जशी डल्सी शेजारणीशी बोलते. हेडलीला त्यातलं निम्मं कळलं नाही आणि त्याचा ऊर भरून आला.

नॉर्वेवाल्याने विचारलं, "दुसऱ्या वर्षी तुमचं तापमापक भर समुद्रात बंद पडलं. तरीही नोंदी सलग आहेत. हे कसं जमलं?"

आयोना हसली. "ते माझ्या वडिलांनी दुरुस्त केलं. ते नसते, तर हा प्रबंध—"

नेमक्या त्याच क्षणी ॲडमिरल शिंकला. मिटल्या तोंडाने एवढा मोठा कुत्रा शिंकतो तेव्हा आवाज नाकातून निघतो आणि बराच वेळ निघतो. तो थांबला तेव्हा आयोना पाण्याच्या खारेपणावर पोहोचली होती.

पाऊण वाजता परीक्षक आपसांत बोलून परत आले. मुख्य परीक्षक बाई म्हणाल्या, "अभिनंदन, डॉक्टर पिटमन!" मग अंगणातून जो आरडाओरडा झाला तो ऐकून नॉर्वेवाला खुर्चीत मागे सरकला. लोकांनी टोप्या उडवल्या. डल्सी काठी विसरून नाचली. हेडलीने हात सोडले आणि ॲडमिरलही पावणेदोन तासांचं साठलेलं सगळं भुंकून मोकळा झाला. आयोना धावत पडवीत आली आणि लाळेसकट बापाला मिठी मारली.

"त्या वाक्यात पुढे काय म्हणालीस गं?" हेडलीने तिच्या कानात विचारलं. "ते नसते तर हा प्रबंध... काय?"

"आता नेमकं आठवत नाही, बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "पण चांगलंच म्हणाले."

त्याने सगळ्या गावाला विचारलं. रेव्हरंड म्हणाले, "पुरा झाला नसता, असं म्हणाली." व्हेरा म्हणाली, "कितीतरी आधी पुरा झाला असता." सेल्बी म्हणाला, "मी केटलीकडे होतो."

जिल्ह्याच्या साप्ताहिकाची बाई सँडविच संपायच्या आत येऊन फोटो काढून गेली. पुढच्या बुधवारी अंक आला. पहिल्या पानावर मोठा फोटो: मधे निळ्या कोटात आयोना, एका बाजूला सेल्बी, दुसऱ्या बाजूला ॲडमिरल आणि त्याच्या गळ्याशी वाकलेला हेडली. खाली छापलं होतं: 'डॉ. आयोना पिटमन, सेल्बी राइडआउट (यांच्या वेगवान इंटरनेटमुळे परीक्षा सुरळीत पार पडली) आणि राइडआउट यांचा कुत्रा जनरल. कुत्र्याला धरलेल्या गृहस्थांचे नाव कळू शकले नाही.'

हेडलीने अंकाच्या अकरा प्रती घेतल्या. एक चौकटीत घालून दिवाणखान्यात लावली. मग टेबलाशी बसून, चार कागद फाडून, संपादकांना एक सभ्य पण सडेतोड पत्र लिहिलं, की आपल्या अंकात नावाच्या बाबतीत गंभीर चूक झाली असून ती ताबडतोब दुरुस्त व्हावी.

साप्ताहिक सचोटीचं होतं. पुढच्याच अंकात तिसऱ्या पानावर ठळक चौकटीत खुलासा आला:

'गेल्या अंकातील छायाचित्राखाली कुत्र्याचे नाव चुकून "जनरल" असे छापले गेले. ते "ॲडमिरल" असे वाचावे. ही चूक निदर्शनास आणून देणाऱ्या जागरूक वाचकाचे आम्ही आभारी आहोत.'